फोंडा घाटात परत फिरलेली गाडी : एका कॅम्पर-प्रवासाचं प्रकरण

या प्रकरणातलं जोडपं कोल्हापूरचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवऱ्याला इथं आप्पा म्हणतो आणि बायकोला वहिनी. वेळा आणि किलोमीटर वहिनींच्या वहीतले आहेत, वजनं शिरोलीतल्या एका भंगारवाल्याच्या काट्याच्या पावतीवरची. मी स्वतः आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेड शिकवून निवृत्त झालेला माणूस. या प्रकरणात माझीही एक चूक आहे. ती जागच्या जागी सांगेन.

पार्श्वभूमी

आप्पा बासष्ट वर्षांचे. उभा जन्म फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात, गेला. पॅटर्न शॉपमध्ये लागले आणि मोल्डिंगचे सुपरवायझर म्हणून बाहेर पडले. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. लेक पुण्यात, संसार आटोपशीर. दोघांचा आजवरचा सगळा प्रवास एसटीच्या रिझर्वेशनवर आणि पाहुण्यांच्या घरी. निवृत्तीनंतर आप्पांच्या डोक्यात एकच खूळ बसलं. झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली स्वतःची गाडी करायची आणि कोकण हिंडायचं. मुक्कामाला कुणाचं दार वाजवायचं नाही.

बेत नऊ दिवसांचा होता. कोजागिरी झाली की निघायचं आणि वसुबारसेच्या आत घरी. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवली, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी आणि येताना आंबोलीवरून आजरा, गडहिंग्लज. वेळेची निवड चांगली होती, हे मान्य करायला हवं. पाऊस बहुतेक सरलेला असतो. कारखान्यांचे गळीत हंगाम अजून पेटलेले नसतात, त्यामुळं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर नसतात. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी कोकणात पोचलेली नसते. परतीचा पाऊस तेवढा दुपारनंतर कधीही गाठतो.

गाडी 2009 ची, बारा अधिक एक सीटची डिझेल व्हॅन, एका संस्थेकडून घेतलेली. 2024 मध्ये तिची पंधरा वर्षं भरली. आप्पांनी रीतसर पुढच्या पाच वर्षांची फेरनोंदणी करून घेतली. हा मुद्दा लक्षात ठेवा. पासिंगला गेली तेव्हा गाडीत सीटा होत्या. कागद हातात आले आणि मग सीटा निघाल्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय बनत नाही? लेथवाला, वेल्डर, बॉडीवाला, पावडर कोटिंगवाला, सगळे एका हाकेच्या अंतरावर. आप्पांचे तर निम्म्याहून जास्त ओळखीचे. दोन महिन्यांत गाडी तयार झाली, आणि ती आप्पांच्या स्वभावासारखीच झाली. फाउंड्रीतल्या माणसाला हलकी वस्तू म्हणजे कच्ची वस्तू वाटते. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय. नुसता दिवाणच नाही, डोक्यावरची कपाटंसुद्धा त्याच प्लायची. दीडशे लिटरची स्टीलची टाकी. घरात इन्व्हर्टरला असतात तसल्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. टपावर घरगुती एसीचं बाहेरचं युनिट. आणि स्वयंपाकाला खराखुरा कडाप्प्याचा ओटा. वहिनींनी ओटा मागितला नव्हता. पत्र्यावर भाकरी थापल्यासारखं वाटू नये म्हणून आप्पांनीच बसवला.

दार डाव्या बाजूला, म्हणून टाकी, बॅटऱ्या, ओटा आणि आप्पांची हत्यारांची पेटी (तिच्यात बेंच व्हाइससुद्धा होता, का ते विचारू नका) हे सगळं उजवीकडं मागच्या चाकावर गेलं.

सप्टेंबरात ते गाडी दाखवायला माझ्या दारात घेऊन आले. मी इंजिन ऐकलं, धूर बघितला, बेल्ट चेपून बघितले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथं 3118 होतं, म्हणजे 2018 चा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबराला बारीक भेगा पडलेल्या. सगळे बदला म्हणालो. आप्पांनी आठवड्यात बदलले.

ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण मात्र मी उघडलं नाही. एवढं सामान चढवल्यावर वजन किती झालं, हेही विचारलं नाही. ओट्यावर हात फिरवला, म्हणालो, "नाद खुळा, आप्पा." चहा घेतला आणि ते गेले. माझी चूक ती हीच.

घाटात काय झालं

पहिला मुक्काम राधानगरीला. धरण बघितलं, शाहू महाराजांच्या काळातल्या त्या बांधावर आणि सात स्वयंचलित दरवाजांवर आप्पांनी तासभर काढला. दुसऱ्या दिवशी निघताना एका शेतातल्या विहिरीवरून टाकी काठोकाठ भरून घेतली. खाली मालवणकडं पाणी मचूळ लागतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे घाट उतरायच्या आधी काही तास दीडशे किलो वजन आपण होऊन चढवलं. दाजीपूरला जेवण झालं. गवे दिसले नाहीत. अभयारण्य 1958 पासूनचं असलं तरी दुपारी दोन वाजता गवा रस्त्यावर येऊन उभा राहत नाही.

पुढचं वहिनींच्या वहीतून जसंच्या तसं देतो. शाळेच्या सवयीनं त्या वेळ टाकून लिहितात.

3.35 दाजीपूर सोडलं.
3.50 उतार लागला. धुकं नाही.
4.02 वास येतोय. ह्यांना सांगितलं. पुढच्या ट्रकचा आहे म्हणाले.
4.06 पुढं ट्रक नाही.
4.09 ब्रेक.

शेवटचा शब्द लिहिताना पेन कागदातून आरपार गेलंय.

आप्पा तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होते आणि वेग ब्रेकवर धरून ठेवत होते. कंपनीची जीप त्यांनी वर्षानुवर्षं अशीच चालवली होती. जीपला ते चाललं. आता वजन धरून हिशेब करा. साडेतीन टनांची गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते, तेवढ्यात दहा लिटर गार पाण्याला उकळी फुटते. दर शंभर मीटरला एक बादली. इंजिनला खालच्या गिअरमध्ये ठेवलं तर त्यातला मोठा वाटा इंजिन खातं. नाही ठेवलं तर सगळ्या बादल्या चार चाकांच्या ब्रेकवर उकळतात. घाटात जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. त्या सांगण्यात हाच हिशेब आहे.

त्या दिवसांत करूळ घाटाचं काम चालू असल्यानं तिकडची बरीच वाहतूक फोंड्याकडं वळली होती. मागं गाड्या लागल्या की माणूस नकळत वेग वाढवतो, आणि वळणावर जोरात दाबतो. आप्पांनीही तेच केलं.

4.09 ला पेडल थेट फळीला टेकलं. त्यांनी दोन-तीनदा पंप मारला, थोडंसं काही लागलं. मग मात्र त्यांनी जे केलं ते अचूक होतं. दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक एकदम न ओढता टप्प्याटप्प्यानं ओढला, आणि डावीकडं डोंगराच्या कडेच्या चरात चाकं घातली. चिखलात गाडी थांबली. कठडा पलीकडच्या बाजूला होता.

मागच्या उजव्या चाकातून धूर येत होता. एक ट्रक थांबला. त्याचा क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन धावत आला, चाकावर ओतायला. आप्पांनी त्याचा हात धरला. "तापल्याल्या बिडावर पाणी? तडकंल की रे!" ब्रेकचा ड्रम बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो, आणि लाल व्हायच्या बेतात आलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर काय होतं, हे आप्पांना शिकवायला कुणी नको होतं. त्या दिवशी फाउंड्रीचं ज्ञान उपयोगी पडलं ते एवढ्याच ठिकाणी.

खरा पेचाचा क्षण

बहुतेक लोक या प्रकरणात 4.09 ला महत्त्व देतील. माझ्या मते खरा धोका 4.50 चा होता. चाळीस मिनिटांनी आप्पांनी पेडल दाबून बघितलं आणि ते कडक लागलं. अगदी पहिल्यासारखं.

"झालं की," ते म्हणाले. "तापला होता, गार झाला. बसा."

ब्रेक परत येतो, त्यातच घात असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-3 या साध्या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश असावा लागतो. ओलावा मुरला की तोच 140 पर्यंत खाली येतो, आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या तेलाचं तर काही सांगता येत नाही. घाटात चाकाजवळचं तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली बसतं. गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल वर येतं. पण तेल तेच, ओलावा तोच, उतार तोच. पुढच्या दोन-तीन किलोमीटरवर तेच पुन्हा, आणि कदाचित डावीकडं चर नसलेल्या वळणावर.

(पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर ते लायनर (ड्रमला आतून घासणारं ब्रेकचं अस्तर) तापल्याचं लक्षण. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर तेल उकळल्याचं किंवा गळाल्याचं. दोन्ही वेळा थांबायचंच, पण मेकॅनिकला फोनवर सांगताना हा फरक सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचतो.)

वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी इथनं चालत खाली जातो. तुम्ही गाडी घेऊन या. पोचलासा तर भेटू."

आप्पा गप्प झाले. मला हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना हसले नाहीत.

पर्याय

दोघं दिवाणाच्या कडेला बसले, दार उघडं ठेवून, भडंगाचा डबा मधे घेऊन. खाली जाणं हा आप्पांचा पर्याय अजून जिवंत होता, आता पहिल्या गिअरमध्ये आणि ब्रेकला पाय न लावता. तसं उतरणारे लोक आहेत. पण ओडोमीटरच्या नोंदीप्रमाणे घाटाचा निम्म्याहून जास्त भाग अजून बाकी होता आणि ब्रेक लागेल की नाही हे कळायला तो दाबूनच बघावा लागणार होता.

तिथंच रात्र काढावी, तर गाडी वळणावर, अर्धी चरात. अंधारात आणि पहाटेच्या धुक्यात वरून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती शेवटच्या क्षणी दिसणार. हा पर्याय दोघांनीही पहिल्या दोन मिनिटांत सोडला. क्रेन बोलवावी, तर फोनला रेंज नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं निरोप द्यायचा आणि किती तासांनी कोण येईल याची वाट बघायची.

मग वहिनी म्हणाल्या, "अहो, खाली जायला ब्रेक लागतोय. वर जायला कुठं लागतोय?"

हे वाक्य मी आयटीआयमध्ये शिकवत असताना मला सुचलं असतं तर फळ्यावर लिहून ठेवलं असतं. चढावर गाडीला थांबवायचं काम उतारच करतो. ॲक्सिलरेटर सोडला की ती मंदावते. धोका राहतो तो इंजिन बंद पडून गाडी मागं घसरण्याचा, आणि त्याला हँडब्रेक आहे. हँडब्रेक केबलवर चालतो, तेलाशी त्याचा संबंध नाही. शिवाय वर दाजीपूर ओळखीचं होतं, माणसं होती, रेंज होती. अडचण एकच: सहा मीटरची गाडी घाटात वळवायची कशी.

काय केलं

आधी टाकीचा कॉक सोडला. दीडशे लिटर विहिरीचं गोड पाणी चरातून वाहून गेलं. आप्पांना ते बघवलं नाही, असं वहिनी सांगतात.

साडेपाचच्या सुमारास खालून एक एसटी आली. ड्रायव्हरनं काय झालंय ते खिडकीतूनच ओळखलं. त्यानं बस आडवी घालून खालची वाहतूक धरली, कंडक्टर शिट्टी घेऊन वरच्या वळणावर गेला. वळणाच्या जागी रस्ता थोडा रुंद होता. आप्पांनी पाच टप्प्यांत गाडी फिरवली, आणि प्रत्येक टप्प्याला वहिनींनी चाकामागं दगड लावला, काढला, परत लावला. पन्नासेक प्रवासी खिडक्यांतून सूचना देत होते. त्यातली एकही आप्पांनी ऐकली नाही, हेही बरंच झालं.

वर जाताना वहिनी मांडीवर तोच दगड घेऊन बसल्या होत्या. इंजिन बंद पडलंच तर उडी मारून चाकामागं घालायचा. पडलं नाही. अंधार पडायच्या आत दाजीपूर आलं.

मला फोन आला तेव्हा साडेसात वाजले होते. "मास्तर, ब्रेक गेला होता, परत आला. उद्या सकाळी गारव्यात उतरू का?" मी म्हणालो, टॉर्च लावून ऑइलच्या डबीत बघा, रंग काय आहे. थोड्या वेळानं उत्तर आलं: "काळ्या चहागत." उतरू नका म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या तरुण मेकॅनिकला घेऊन मी दाजीपूरला गेलो. मागचा उजवा ड्रम उघडला तर लायनर काच झाल्यासारखे चकचकीत आणि ड्रमच्या आतल्या अंगाला निळे डाग. डाव्या बाजूचे त्या मानानं बरे. लायनर बदलले, जुनं तेल पूर्ण काढून नवं घातलं, चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. दुपारपर्यंत पेडल उत्तम झालं.

आणि इथं दुसरा निर्णय उभा राहिला. मालवणात एका घराच्या आवारात गाडी लावायची बोलणी झाली होती, ॲडव्हान्स दिला होता. ब्रेक नवा झालाय, पाणी काढलंय, आता दुसऱ्या गिअरला सावकाश उतरायला काय हरकत? खरं सांगतो, मी "जावा" म्हणणार होतो. शब्द ओठांवर होता.

तेवढ्यात तो पोरगा गाडीखालून बाहेर आला, हात पुसत. "काका, मागचे पाटे बघितलासा काय? कमान राहिलीच न्हाई, सरळ झाल्यात. आधी काट्यावर घाला गाडी."

पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानदार पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मी चाळीस वर्षं हे शिकवलं. बघितलं त्या चोवीस वर्षांच्या पोरानं.

गाडी राधानगरीमार्गे कोल्हापूरला परत आली.

काट्यावर

शिरोलीत भंगाराचे आणि कास्टिंगचे ट्रक मोजायचे वजनकाटे आहेत. तिथल्या एका काट्यावर आम्ही गेलो. टाकी मुद्दाम परत भरली, सामान होतं तसं ठेवलं, दोघांना जागेवर बसवलं. मागं तुटक्या पुलींनी भरलेला टेम्पो उभा. त्याच्या ड्रायव्हरला कळेना की पडदे लावलेल्या गाडीत बाई-माणूस बसवून काय मोजतायत.

मोजायची रीत सोपी आहे. आधी पूर्ण गाडी काट्यावर. मग पुढची चाकं फक्त. वजाबाकीतून मागच्या ॲक्सलवरचं, म्हणजे मागच्या चाकांवरचं, वजन कळतं. मग जागा असेल तर एका बाजूचीच चाकं काट्यावर घेऊन डावं-उजवं ढोबळ कळतं. काटेवाल्यानं चार पावत्यांचे पैसे घेतले आणि चौथी पावती फाडताना आम्हाला वेड्यात काढलं.

पूर्ण वजन 3,480 किलो. कागदावरची मर्यादा 3,300. मागच्या ॲक्सलवर 2,290, आणि प्लेटवर मर्यादा 2,050. उजवीकडं 1,880, डावीकडं 1,600. पुढचा ॲक्सल मात्र 1,190 वर आरामात होता, म्हणून समोरून बघताना गाडी कधी दबलेली वाटली नाही.

आप्पा पावती हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "फाउंड्रीत लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) उचलायच्या आधी क्रेनची कपॅसिटी बघितल्याशिवाय मी कुणाला हात लावू दिला नाही."

निष्पत्ती

कडाप्पा निघाला. एक बॅटरी निघाली, एसी निघाला, व्हाइस घरी गेला. डोक्यावरची अठरा मिलिमीटरची कपाटं जाऊन कापडी कप्पे आले, ते वहिनींनी स्वतः शिवले. स्टीलच्या टाकीऐवजी प्लॅस्टिकची, तीही मागच्या ॲक्सलच्या पुढं आणि डावीकडं. घाट उतरायचा असेल त्या दिवशी ती निम्मीच भरायची. दुसऱ्यांदा काट्यावर गाडी 3,040 भरली. पाटे नवे बसवले. मालवणचा ॲडव्हान्स बुडाला.

कागदाची बाजू सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महागात पडू शकणारी. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. आप्पांच्या आरसीवर अजून तेरा सीटा होत्या आणि गाडीत दोन. घाटात काही घडलं असतं तर विमा कंपनीनं पहिला प्रश्न हाच विचारला असता. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. पण उद्यमनगरात घरगुती पद्धतीनं केलेली गाडी त्यात आपोआप बसत नाही. आप्पा आता आरटीओत खेटे घालतायत. हे त्यांनी सीटा काढायच्या आधी करायला हवं होतं, आणि मी सांगायला हवं होतं.

दिवाळीनंतर दोघं चार दिवस जाऊन आले. गडहिंग्लज, आजरा, आंबोली. कोल्हापुरातून या वाटेनं आंबोलीपर्यंत कोकणात उतरणारा घाट न लागता जाता येतं. तो घाट आंबोलीच्या पुढं, सावंतवाडीकडं लागतो. तिथं कड्यावर गाडी लावून त्यांनी खालचं कोकण बघितलं आणि परत फिरले.

वेगळं काय करता आलं असतं

तिघांना वेगवेगळं विचारलं तर तीन उत्तरं येतात.

माझं उत्तर काट्याचं. सांगाडा झाल्यावर एकदा, प्लाय बसल्यावर एकदा आणि सामान भरून एकदा अशी तीन वेळा गाडी काट्यावर नेली असती, तर पहिल्याच खेपेला आप्पांचा हात आखडला असता. एका पावतीचे पैसे म्हणजे दोघांचा नाष्टा. त्याबरोबर ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी उभी असली तरी. हवेतला ओलावा उभ्या गाडीतही शिरतो. जुन्या गाडीची तपासणी करताना इंजिनावर जेवढा वेळ घालवतो त्याच्या दुप्पट थांबवणाऱ्या भागांवर घालवावा, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. ओळखीच्या माणसाची गाडी दारात आली की चहाच आधी होतो.

आप्पांचं उत्तर गिअरचं. उताराच्या पाटीपाशीच थांबून दुसरा टाकायला हवा होता, असं ते म्हणतात. बरोबर आहे, पण पुरेसं नाही. त्या वजनाला दुसऱ्या गिअरमध्येही ब्रेक तापलेच असते, थोडे उशिरा.

वहिनींचं उत्तर मला विचार करायला लावतं. त्या म्हणतात, 4.02 ला मी "वास येतोय" म्हणाले. "थांबवा" म्हणाले नाही. वासाची माहिती दिली आणि निर्णय त्यांच्यावर सोडला, कारण गाडी त्यांची, स्टिअरिंग त्यांच्या हातात. सात मिनिटं मी वहीत लिहीत बसले. वर्गात एखादं पोर गप्प बसून वहीत लिहीत असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

आता दोघांत ठरलंय की शेजारी बसलेल्यानं "थांबवा" म्हटलं की आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. आप्पांची तक्रार अशी की आंबोलीच्या वाटेवर हा अधिकार दोनदा वापरला गेला, आणि दोन्ही वेळा कारण रताळी होती.

येत्या कोजागिरीनंतर फोंड्याचा बेत परत आहे. मी काट्याची पावती दाखवल्याशिवाय जाऊ नका म्हणालोय. कडाप्पा आप्पांनी विकला नाही. अंगणात गाडी लावतात तिथं तो पायरी म्हणून बसवलाय, आणि गाडीत चढताना वहिनी त्याच्यावर पाय देऊन चढतात.